बोटीची बॅटरी उतरते, तेव्हा आधी मोजा

(समुदाय रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे बोटीवरच्या माणसांना सांगा, आम्हाला कशाला? विषय आहे बोटीची बॅटरी. ती सारखी का उतरते, दोष कुठे आहे हे कसं शोधायचं आणि ती उतरू नये म्हणून काय करायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

आपल्यातल्या फार थोड्या जणी खोल समुद्रात जातात, हे खरं. पण बॅटरी बसली की नवीचे पैसे कुठून येतात? बचत गटातून. आमच्या गटांच्या कर्जाच्या वह्या उघडून बघा. जाळं, बर्फ, डिझेल, मुलांची फी, दवाखाना यांच्या रांगेत बॅटरीही येऊन बसली आहे. गेल्या हंगामात आमच्या एकाच गटातून बॅटरीसाठी तीन कर्जं गेली. त्यातल्या एका घरात आठ महिन्यांत ही दुसरी बॅटरी होती. बॅटरी म्हणजे काही हजारांची वस्तू. तिचा हप्ता फेडायला जी बाई पहाटे टोपली घेऊन बाजार गाठते, तिला विचारायचा हक्क आहे, की पहिली बॅटरी गेली कशाने?

आणि गोष्ट नुसत्या पैशाची नाही. रात्रीची वेळ आहे, इंजिन बंद करून जाळं टाकलेलं आहे, वारा वाढायला लागला आहे. जाळं ओढून घेतलं आणि सेल्फ मारला, तर नुसता टक असा आवाज. इंजिन चालू होत नाही. दिवे मंद झालेले, जीपीएस विझलेला, वायरलेसवर बोलायला बटण दाबलं की तोही बंद पडतो. संकटात हाक मारायला वायरलेसचं १६ नंबरचं चॅनेल आहे. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे. पण किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइलला रेंज राहत नाही, आणि १६ नंबरवर हाक मारायची तर बॅटरीत जीव असावा लागतो. आपली माणसं त्या बोटीवर असतात, म्हणून हा विषय आपला आहे.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. नवी बॅटरी घेण्याआधी जुनी मोजा. बॅटरी उतरणं हे पुष्कळदा लक्षण असतं, दुखणं दुसरीकडेच असतं. दुखणं तसंच ठेवून नवी बॅटरी बसवली, तर तीही जाते.

हंडा, नळ आणि गळती

बॅटरी म्हणजे पाण्याचा हंडा समजा. रात्री ठेवलेला हंडा सकाळी रिकामा दिसला, तर कारणं तीनच. एक, नळाला पाणी आलंच नव्हतं, हंडा भरलाच नाही. दोन, हंड्याला चीर गेली आहे. तीन, रात्रभर कोणीतरी त्यातून पाणी घेत होतं.

बोटीवरचा नळ म्हणजे इंजिनवरचा डायनामो, ज्याला अल्टरनेटर म्हणतात. इंजिन चालू असताना तो पट्ट्यावर फिरतो आणि बॅटरी भरतो. हंड्याची चीर म्हणजे बॅटरीच्या आतला बिघाड. आणि पाणी घेणारे म्हणजे दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, पंप. त्यात एखादी खारवलेली वायरही असते, जी कोणाला न दिसता रात्रंदिवस वीज पीत बसते.

म्हणून प्रश्न तीन. बॅटरी भरते का? भरलेलं धरते का? आणि कुठे गळते का? या तिन्हींची उत्तरं मोजून मिळतात. त्यासाठी लागतो एक मल्टिमीटर. साधा मीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि अख्ख्या गटाला एक पुरतो. त्यावर इंग्रजी आकडे दिसतात. मोबाइल वापरणाऱ्या बाईला ते वाचता येतात.

हात लावण्याआधी

आधी जपायच्या गोष्टी, कारण बॅटरीत आम्ल असतं आणि चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

हातातल्या सोन्याच्या, पितळेच्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र आत खोचा. धातूची वस्तू बॅटरीच्या प्लस आणि मायनसवर एकदम टेकली तर क्षणात लाल होते आणि हात भाजतो. इंजिन चालू करणार असाल तर पदर कमरेला घट्ट खोवा, वेणी वर बांधा. फिरता पट्टा पदर ओढून घेतो. जवळ विडी, काडी, चूल, शेगडी नको. घरी चार्जिंग करायचं तर स्वयंपाकघरात कधीच नाही, पडवीत, वारा खेळतो तिथे.

आम्ल अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार सोडा आणि थेट दवाखाना गाठा. सुती साडीवर पडलेला थेंब दोन दिवसांत भोक पाडतो, म्हणून जुना कपडा नेसून बसा.

वायर काढताना आधी मायनसची काढायची, जोडताना मायनसची शेवटी जोडायची. हा क्रम पाठच करा.

पहिलं मोजमाप: बॅटरीत किती आहे

बोट बंदरात आहे, इंजिन बंद आहे, सगळे स्विच बंद आहेत आणि इंजिन बंद होऊन तीन-चार तास झाले आहेत, अशी वेळ निवडा. पहाटेची सगळ्यांत चांगली. मीटरची कळ डीसी २० व्होल्टवर आणा. लाल टोक प्लसवर, काळं टोक मायनसवर टेकवा.

१२ व्होल्टच्या नेहमीच्या पाण्याच्या बॅटरीचा हिशोब असा:

१२.६ किंवा थोडं वर म्हणजे भरलेली.
१२.४ म्हणजे साधारण पाऊण.
१२.२ म्हणजे अर्धी.
१२.० म्हणजे पाव.
११.८ किंवा खाली म्हणजे रिकामी.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "अहो, मीटर बारा दाखवतो, बॅटरी बारा व्होल्टचीच आहे, म्हणजे ठीक आहे," असं बंदरावर ऐकू येतं. ते ठीक नाही. बारा म्हणजे हंड्यात पाव भागच पाणी उरलं आहे. अर्ध्याच्या खाली बॅटरी वारंवार नेली, की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर पांढरे खडे धरतात, आणि ते घट्ट झाले की बॅटरी पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून १२.२ दिसलं की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची.

पहिला प्रश्न: भरते का?

आता इंजिन चालू करा. दिवे बंद ठेवा, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि पुन्हा व्होल्ट बघा. १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं तर डायनामो भरतो आहे. इंजिन चालू असूनही १२.५ च्या घरातच राहिलं, तर नळाला पाणीच नाही. १५ च्या वर गेलं तर उलटा दोष. बॅटरी उकळते, पाणी उडतं आणि तीही लवकर मरते.

भरत नसेल तर आधी साधी कारणं बघा. इंजिन बंद करा आणि पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. लोंबकळत असेल, तेलकट किंवा चिरा पडलेला असेल, तर पट्टा घसरतो आणि डायनामो नीट फिरत नाही. मग डायनामोच्या मागची वायर सैल किंवा हिरवी झाली आहे का ते बघा. एवढं करूनही भरत नसेल तर डायनामो कारागिराकडे न्यायचा. त्यातले ब्रश, डायोड किंवा रेग्युलेटर बदलायला लागणारा खर्च बहुतेक वेळा नव्या बॅटरीपेक्षा कमी असतो. डायोड बिघडला असेल तर तोच डायनामो इंजिन बंद असताना बॅटरीतली वीज मागे खेचतो, म्हणून कारागिराला ते मुद्दाम तपासायला सांगा.

दुसरी गोष्ट वेळेची. "परत येताना इंजिन चालू होतं, बॅटरी भरली असेल," असं समजलं जातं. रात्रभरात ५० अँपिअर-तास वीज खर्च झाली असेल आणि डायनामो ताशी २० अँपिअर देत असेल, तर निदान तीन तास तरी लागतात, कारण शेवटचा भाग हळू भरतो. जवळ मासेमारी करणाऱ्या बोटीचं इंजिन अर्धा तासच चालत असेल, तर ती बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते. तिथे कोणाचाच बिघाड नसतो, नुसती आमदनी कमी आणि खर्च जास्त. अशा बोटीला आठवड्यातून एकदा किनाऱ्यावरच्या चार्जरवर पूर्ण भरणं हाच उपाय. चार्ज कंट्रोलर लावलेलं छोटं सोलर पॅनलही भर घालतं, पण गळती असेल तर पॅनल गळतीच पोसत राहतं.

दुसरा प्रश्न: धरते का?

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. चार्जर काढल्या काढल्या मीटर १३ च्या वर दाखवतो, त्याला भुलू नका. तीन-चार तास थांबून मोजा आणि लिहून ठेवा. मग दोन्ही वायरी काढलेल्या अवस्थेत बॅटरी एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी १२.६ चं १२.५ झालं तरी चिंता नाही. पण काहीही जोडलेलं नसताना १२.६ चं १२.२ झालं, तर हंड्यालाच चीर आहे.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघा. बॅटरीला सहा खाने असतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत प्रत्येक खान्यात साधारण १.२४० ते १.२७० च्या मध्ये आकडा येतो. पाच खाने सारखे आणि एकच ०.०५० ने किंवा त्याहून खाली, तर तो खाना मेला. अशी बॅटरी खरोखर बदलावी लागते, आणि मग गटाने कर्ज द्यायला हरकत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी दुकानात न्या. त्यासाठी तारीख आणि शिक्का असलेलं कार्ड लागतं. ते बोटीवर ठेवलं तर भिजतं. घरच्या फाइलमध्ये, रेशनकार्डाशेजारी ठेवा.

तिसरी चाचणी सेल्फ मारतानाची. एकीने मीटर धरायचा, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. त्या क्षणी व्होल्ट खाली येतातच, पण १० च्या खूप खाली, नऊ-आठवर आले तर बॅटरी अशक्त आहे किंवा उतरलेली आहे. बॅटरी भरलेली असून सेल्फ रडत असेल, तर इंजिन बंद करून क्लॅम्पला हात लावून बघा. तो गरम लागला तर जोड सैल किंवा गंजलेला आहे. घासून, आवळून पुन्हा बघा. अशा सैल क्लॅम्पपायी चांगली बॅटरी भंगारात जाऊ नये.

तिसरा प्रश्न: गळते कुठे?

आठ महिन्यांत दुसरी बॅटरी मागणारं जे घर आम्ही मघाशी सांगितलं, त्यांच्या बोटीवर आम्ही गटाच्या दोघी आणि एक वायरमन गेलो. तांडेल म्हणाले, "वहिनी, बॅटऱ्याच हल्ली हलक्या येतात." डायनामो मोजला, १४.१ व्होल्ट. बॅटरी भरून एक दिवस ठेवली, तिने धरलं. म्हणजे राहिली गळती.

गळती अशी मोजतात. सगळे स्विच बंद करायचे. मायनसची वायर काढायची. मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घालायचं, कळ डीसी अँपिअरवर आणायची. मग मीटर काढलेली वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्या मधे धरायचा. म्हणजे बोटीत जाणारी सगळी वीज मीटरमधून जाते. मीटर असा लावलेला असताना सेल्फ कधीही मारायचा नाही, मीटर जळतो. आणि काम झालं की लाल टोक आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घालायचं. ते अँपिअरमध्ये राहिलं आणि तुम्ही तसेच व्होल्ट मोजायला गेलात, तर शॉर्ट होतं. म्हणून ही चाचणी पहिल्यांदा वायरमनला सोबत घेऊनच करा.

सगळं बंद असताना ०.०५ अँपिअरच्या आत आलं तर ठीक. त्या बोटीवर ०.५ आलं. अर्धा अँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण हिशोब करा. दिवसाचे २४ तास, म्हणजे रोज १२ अँपिअर-तास. वादळाचा इशारा आला आणि बोट चार दिवस बंदरात राहिली, की ४८ गेले. बॅटरी १०० ची. कोणी दिवा न लावता अर्धी बॅटरी संपली.

मग एकेक फ्यूज काढत मीटर बघायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वायरीवर चोर. त्या बोटीवर सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलला नाही. म्हणजे कुठलीतरी वायर फ्यूज आणि स्विच टाळून थेट बॅटरीला जोडलेली. शोधली तेव्हा मागच्या बाजूला जाळं ओढताना लावायच्या दिव्याची जोडणी सापडली. वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली, आत खारं पाणी, तांबं हिरवं होऊन पीठ झालेलं. दिवा बंद होता, पण खाऱ्या पाण्यातून वीज चालली होती. ती वायर बदलायला जो खर्च आला तो बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ होता. त्यानंतर ती बॅटरी बदलावी लागलेली नाही.

खारं पाणी वीज वाहून नेतं, हे लक्षात ठेवलं की बाकीच्या जागा आपोआप आठवतात. ओलसर स्विच, केबिनच्या छतावरची जोडणी, दिव्याचं होल्डर, तळाशी पाण्यात लोळणारी वायर. अशी गळती बॅटरी तर खातेच, वर पाण्यातल्या धातूलाही खाते. पंखा आणि शाफ्ट झिजायला लागले तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

बॅटरीच्या माथ्यावरूनही गळती होते. मीटर व्होल्टवर ठेवा, काळं टोक मायनसवर आणि लाल टोक बॅटरीच्या प्लास्टिकच्या झाकणावरून फिरवा. व्होल्ट दिसले तर मीठ, धूळ आणि आम्ल यांचा थर प्लसपासून मायनसपर्यंत पूल बांधून बसला आहे.

तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाकडे वेगळं लक्ष द्या. त्याचा तरंगणारा स्विच कचऱ्याने किंवा जाळ्याच्या धाग्याने अडकला, की पंप कोरडाच फिरत राहतो. पण स्विच चांगला असून पंप सारखा चालू होत असेल, तर बोटीत पाणी येतं आहे. बॅटरी वाचवायला पंप बंद करायचा नाही, शाफ्टची ग्लँड आणि बोटीचे सांधे बघायचे.

रात्रीचा खर्च मांडा

कधी कधी भरणं ठीक, धरणं ठीक, गळती नाही, तरी बॅटरी पुरत नाही. मग महिन्याच्या किराण्यासारखा खर्च मांडायचा. वॅटला बारांनी भागलं की अँपिअर.

केबिनमधे १० वॅटचे दोन जुने बल्ब, म्हणजे १.७ अँपिअर. बोट दिसावी म्हणून लावायचे १० वॅटचे तीन दिवे, २.५ अँपिअर. जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून साधारण १ धरा. नुसता ऐकत ठेवलेला वायरलेस अर्धा. सगळे मिळून साडेपाचच्या वर. रात्रीचे दहा तास धरले तर ५७ अँपिअर-तास. १०० ची बॅटरी अर्ध्याखाली गेली आणि पहाटे सेल्फ मारायचा राहिलाच आहे.

तेच बल्ब ३ वॅटचे एलईडी केले, तर एकूण पावणेतीन अँपिअर आणि रात्रीचे २८ च्या आत. बॅटरी तीच, खर्च अर्धा. एलईडी म्हटल्यावर गैरसमज नको. मासळी गोळा करायला मोठे प्रखर दिवे लावायला बंदी आहे. आम्ही केबिनच्या आणि खुणेच्या दिव्यांबद्दल बोलतो आहोत. खुणेचे दिवे घेताना बोटीसाठीच बनवलेले, योग्य रंगाचे आणि लांबून दिसणारे घ्या.

आणि मैत्रिणींनो, हे घरी नक्की सांगा. बॅटरी वाचवायची म्हणून खुणेचे दिवे विझवायचे नाहीत. मोठी जहाजं रात्रीही जातात, अंधारातली लहान बोट त्यांना दिसत नाही. वाचवायची तर केबिनच्या दिव्यात, मोबाइल चार्जिंगमध्ये आणि गाण्याच्या डब्यात वाचवा.

शक्य असेल तिथे दोन बॅटऱ्या आणि मधे स्विच ठेवावा. एक फक्त सेल्फसाठी, दुसरी दिव्यांसाठी. दिव्यांची उतरली तरी इंजिन चालू करायला पहिली शिल्लक राहते. मात्र एक नवी आणि एक जुनी कायमची एकत्र जोडू नका, जुनी नवीला ओढत खाली नेते.

उतरू नये म्हणून

बोट बंदरात लागली की मेन स्विच बंद. पाणी उपसायच्या पंपाला मात्र स्वतःचा फ्यूज लावून थेट वायर द्यावी, म्हणजे मेन बंद असतानाही तो चालतो.

पंधरा दिवसांनी एकदा बॅटरीचा माथा धुवा. झाकणं घट्ट बंद आहेत ना ते बघून पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासा. पांढरा-हिरवा थर फेस येऊन निघतो. सोडा खान्यात जाऊ देऊ नका, तो आतलं आम्ल मारतो. मग गोड्या पाण्याने धुऊन पुसा, क्लॅम्प आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

त्याच वेळी खान्यातलं पाणी बघा. प्लेटा उघड्या पडता कामा नयेत. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं, नळाचं नाही. समुद्राचं पाणी बॅटरीत गेलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून बॅटरी उंचावर, खोक्यात, पट्ट्याने बांधून ठेवावी.

वायर बदलाल तेव्हा कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या, खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. जोड पिळून चिकटपट्टी लावण्यापेक्षा लग दाबून वर हीट श्रिंकची नळी चढवा, आणि जोड पाण्यापासून जेवढा वर घेता येईल तेवढा घ्या.

आणि सगळ्यांत जास्त बॅटऱ्या कधी मरतात? पावसाळी बंदीत. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी किनाऱ्याला असतात. बोट झापांखाली आणि बॅटरी बोटीतच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून आल्यावर सेल्फ मारतात तर काही नाही. म्हणून बोट वर घेतली त्याच आठवड्यात बॅटरी काढून घरी आणा. धुवा, पूर्ण भरा, कोरड्या जागी फळीवर ठेवा, लेकरांच्या हाताला आणि चुलीला लांब. महिन्यातून एकदा मोजा. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. हे काम घरात राहणाऱ्या बाईचंच आहे, आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

मेलेली बॅटरी घरी फोडू नका. आत शिसं असतं, ते पोरांच्या अंगात गेलं तर मेंदूवर परिणाम करतं. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात द्या, तिचे पैसे वजा होतात. ती रक्कम बिलावर लिहून घ्या.

गटाने काय करायचं

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, गटाच्या पैशातून एक मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर घेतला, आणि दोघींनी तो वापरायला शिकून घेतला. दुसरी, प्रत्येक बोटीची वहीत एक ओळ: बॅटरी कधी घेतली, बंद इंजिनावर किती व्होल्ट, चालू इंजिनावर किती, सगळं बंद असताना किती अँपिअर. तिसरी, बॅटरीसाठी कर्ज मागणाऱ्या घराने हे तीन आकडे बैठकीत सांगायचे. आकडे बॅटरीकडे बोट दाखवत असतील तर कर्ज त्याच दिवशी. वायरीकडे किंवा डायनामोकडे दाखवत असतील, तर कर्ज त्या दुरुस्तीसाठी. रकमेने लहान, फेडायला सोपं.

सुरुवातीला काही घरांत कुरकूर झाली. "आता बायका बोट तपासणार का?" असं विचारणारेही भेटले. आमचं उत्तर एवढंच होतं, की बोट तुमचीच, तांडेलही तुम्हीच, आकडा तेवढा आम्हाला सांगा. आता काही तांडेल स्वतः मीटर मागायला गटाच्या घरी येतात.

तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. कर्जाच्या वहीतून गेल्या दोन वर्षांतली बॅटरीची कर्जं मोजा. एकाच बोटीचं नाव दोनदा आलं असेल, तर पहिली तपासणी त्या बोटीची करा, बंदी उठायच्या आत. वायरमन नसेल तर जवळच्या आयटीआयमधे इलेक्ट्रिशियन शिकलेला मुलगा किंवा मुलगी गावात असतेच, तिला बोलवा आणि तिच्या कामाचे पैसे द्या.

दर्यावर गेलेली सगळी माणसं सुखरूप घरी येवोत.